दिवसाची घडी मोडते तेव्हां

मनुष्याला ज्या गोष्टी सर्वांत अधिक आधार देतात, त्यांच्याकडे त्याचें लक्ष सर्वांत कमी असतें. श्वासाची आठवण दम लागल्यावर होते आणि नित्यक्रमाची आठवण तो सुटल्यावर होते. ठराविक वेळीं उठणें, चहा, वर्तमानपत्र, स्नान, डबा, ठरलेली गाडी, गाडींतले ठरलेले सोबती, कचेरींतलें टेबल आणि सायंकाळची परत फेरी, या क्रमाविषयीं कौतुकाचा शब्द सहसा कोणी काढीत नाहीं. उलट ‘रोजचें रहाटगाडगें’ म्हणून त्याची हेटाळणीच होते. परंतु एके दिवशीं हें रहाटगाडगें थांबतें. आणि मग विहिरींत पाणी असूनहि तें वर येत नाहीं, असा अनुभव पुष्कळांना येतो.

असे प्रसंग प्रत्येक घरीं येतात. सेवानिवृत्ति, बदली, लांबलेला आजार, नोकरी सुटणें, मुलांचें परदेशीं जाणें, जोडीदाराचा मृत्यु. कारणें निरनिराळीं असतात. या प्रत्येक वेळीं दोन घटना एकदम घडतात. एक घटना सर्वांना दिसते, आणि तिच्याबद्दल लोक अभिनंदन किंवा सांत्वन करण्यास येतात. दुसरी घटना अशी कीं, दिवसाची घडी मोडते. आणि तिच्याबद्दल कोणी चौकशीहि करीत नाहीं. मनाच्या पुष्कळशा तक्रारींचा उगम या दुसऱ्या, दुर्लक्षित घटनेंत असतो.

सेवानिवृत्तीचें उदाहरण सर्वांत नेहमींचें. वयाच्या ५८ व्या किंवा ६० व्या वर्षीं निरोपसमारंभ होतो; शाल, श्रीफळ, चार गोड भाषणें. पहिला महिना सुटीसारखा जातो. लांबणीवर पडलेली यात्रा होते, गळका नळ दुरुस्त होतो, कपाटांतले कागद नीट लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यांत मात्र रंग पालटूं लागतो. डोळे जुन्याच वेळीं उघडतात, पण उठण्याला कारण उरत नाहीं. वर्तमानपत्र अकरापर्यंत पुरवावें लागतें. स्नान बारावर जातें, जेवण दोनवर. दुपारची वामकुक्षी चारपर्यंत लांबते आणि तितकी रात्रीची झोंप आंखडते. चाळीस माणसांचा विभाग सांभाळलेला गृहस्थ डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवूं लागतो व फोडणीच्या तेलाचा हिशेब विचारूं लागतो. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण अशाच एखाद्या दुपारीं कोणाला तरी सुचली असावी.

या चित्राची दुसरी बाजू गृहिणीची आहे. तिलाहि तिचा एक क्रम होता. घरांतलीं माणसें बाहेर पडल्यावर मिळणारे दोन-तीन तास तिचे स्वतःचे होते. त्यांत तिचें वाचन होतें, तिचा रेडिओ होता, शेजारणीशीं दोन शब्द होते. आतां त्या तासांत मधूनमधून चहाची फर्माइश येते. एकाच्या सेवानिवृत्तीनें दोघांचे दिवस विस्कटतात. आणि ज्याला निरोपाची शाल मिळाली त्याच्याविषयीं निदान बोललें तरी जातें, तिच्याविषयीं तेंहि नाहीं.

नित्यक्रम मनासाठीं नेमकें करतो तरी काय? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यानें १८९० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथांत सवयीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलें. त्याचें सार असें कीं, लहानसहान कृत्यें सवयीच्या हवालीं केलीं म्हणजे मनाची वरिष्ठ शक्ति मोठ्या कामाला मोकळी राहते. उठावें केव्हां, न्हावें केव्हां, बाहेर पडावें कीं नाहीं, या प्रत्येक प्रश्नाचा निर्णय ज्याला रोज नव्यानें करावा लागतो, तो दुपारपर्यंतच थकून जातो. काम कांहींच झालेलें नसतें. थकवा मात्र खरा असतो. ‘दिवसभर कांहीं केलें नाहीं, तरी इतका शीण कां?’ या तक्रारीचा थोडासा उलगडा येथें होतो.

परंतु थकवा हा नुकसानीचा एकच भाग झाला. उरलेला भाग ऑस्ट्रियांतील एका अभ्यासानें स्पष्ट केला. व्हिएन्ना शहराजवळच्या मारिएनथाल नांवाच्या वस्तींतील बहुतेक कुटुंबें एका कापडगिरणीवर जगत. १९२९-३० च्या मंदींत ती गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झाइझेल या तरुण संशोधकांनीं आपल्या सहकाऱ्यांसह १९३१-३२ मध्यें तेथील जीवनाचें बारकाईनें निरीक्षण केलें आणि १९३३ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. हातीं एवढा मोकळा वेळ आल्यावर लोक अधिक वाचतील, अधिक चर्चा करतील, असें कोणासहि वाटेल. झालें उलट. वाचनालयांतून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. आणि तीहि पुस्तकें फुकट मिळूं लागलीं असतांना. पुरुष रस्त्यानें जातांना रेंगाळत, वारंवार थांबत. कित्येकांनीं घड्याळ बाळगणें सोडून दिलें. दिवसभरांत काय केलें हें तासवार लिहून देण्यास सांगितलें, तेव्हां उठणें, जेवणें व निजणें यांच्या मधल्या तासांत काय घडलें हें पुष्कळांना नीट सांगतां येईना. स्त्रियांची गोष्ट निराळी होती. हलाखी त्यांच्याहि वांट्याला आली होती. पण चूल, मुलें व धुणें यांनीं त्यांचा दिवस बांधून ठेवला होता. त्या रस्त्यानें भरभर चालत.

या अवस्थेंत दारिद्र्याचा वांटा मोठा होता हें उघड आहे. तरी पगाराखेरीज आणखी कांहींतरी हरवलें होतें. तें कांहींतरी म्हणजे काय, याचा विचार याहोडाबाई पुढें अनेक वर्षें करीत राहिल्या. नोकरी मनुष्याला वेतनाबरोबर पांच गोष्टी नकळत देते, असें त्यांनीं मांडलें. ती दिवसाचे भाग पाडून देते. घराबाहेरच्या माणसांशीं गांठ घालून देते. एकट्याच्या हेतूहून मोठ्या अशा कामांत सामील करून घेते. समाजांत एक ओळख देते. आणि हातापायांना नेमानें हालचाल करावयास लावते. पेन्शन घरीं येतें तें फक्त वेतनाची जागा भरण्यासाठीं. बाकीच्या पांच जागा मनुष्याला स्वतःच भराव्या लागतात.

मुंबईच्या गिरणगांवाला हें चित्र परकें नाहीं. लालबाग-परळच्या चाळींना गिरणीचा भोंगा हेंच घड्याळ होतें. पाळी बदलली कीं सारा रस्ता भरून वाहत असे. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यांतील पुष्कळांना गिरणीचा दरवाजा पुन्हां उघडलाच नाहीं. भाकरीचा प्रश्न पहिला होता. पण भोंग्याबरोबर पाळी गेली, पाळीबरोबर सोबती गेले आणि सोबत्यांबरोबर ‘अमक्या खात्यांतला अमका’ ही ओळखहि गेली.

मनाप्रमाणें शरीरालाहि क्रमाची गरज असते. मेंदूच्या तळाशीं, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतू जेथें एकमेकींना ओलांडतात त्याच्या लगेच वर, पेशींचे दोन इवलेसे पुंजके आहेत. शरीराचें मुख्य घड्याळ तें. झोंप व जाग, शरीराची उष्णता, अनेक रसांचें स्रवणें यांच्या वेळा तें सांभाळतें. पेशींच्या आंत असलें घड्याळ कसें चालतें याचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोझबॅश व मायकेल यंग यांना २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मनुष्याच्या या घड्याळाचा एक फेरा सर्वसाधारणपणें चोवीस तासांहून किंचित् लांब असतो. म्हणून तें रोज जुळवून घ्यावें लागतें. आणि जुळविण्याचें मुख्य साधन म्हणजे सकाळचा उजेड.

हें जुळविणें बंद पडलें म्हणजे काय होतें हें मिशेल सिफ्र या फ्रेंच भूशास्त्रज्ञानें स्वतःवर प्रयोग करून पाहिलें. १९६२ सालीं आल्प्स पर्वतांतील एका खोल गुहेंत तो घड्याळावांचून सुमारें दोन महिने एकटा राहिला. उठल्यावर व निजतांना तेवढी तो टेलिफोननें वर खबर देई. १४ सप्टेंबरला मुदत संपल्याचें त्यास कळविलें, तेव्हां त्याच्या हिशेबानें ऑगस्टची २० तारीखच उजाडली होती. त्याचें शरीर जवळजवळ नेमानें झोंपत व उठत होतें. काळाची गणति मात्र मनाच्या हातून निसटली होती. खिडक्यांचे पडदे ओढून, दूरदर्शनाच्या किंवा मोबाईलच्या उजेडांत दिवस काढणारा मनुष्य भर शहरांत अशीच एक लहानशी गुहा करून राहतो.

अशी गुहा एकाच वेळीं घरोघर झाल्याचा अनुभव २०२० सालीं आला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. मुंबईची लोकलगाडी सामान्य प्रवाशांस बंद झाली, शाळा घरांत आल्या, कचेऱ्या जेवणाच्या टेबलावर आल्या. सोमवार व रविवार यांतला भेद पुसला गेला. त्याच वर्षीं आषाढी वारीची परंपराहि अडली. लाखोंचा पायीं सोहळा शक्य नव्हता. परंतु वारी ‘झाली नाहीं’ असें होऊं द्यावयाचें नव्हतें. संतांच्या पादुका एस.टी.च्या गाड्यांतून, मोजक्या माणसांसह पंढरपुरास गेल्या. या घटनेंत एक व्यावहारिक शहाणपण आहे. मोठा नियम पाळणें अशक्य झालें म्हणजे तो सोडून न देतां लहान करून पाळावा. वीस दिवसांची वाट एका दिवसाची झाली, तरी तिथि चुकली नाहीं, आणि म्हणूनच पुढें परिस्थिति निवळल्यावर तो सोहळा पुन्हां पहिल्यासारखा उभा राहिला.

बाहेरचा क्रम हिरावून घेतला गेला असतां आंतला क्रम कसा उभा करावा, याचें मोठें उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासांत आहे. १९०८ सालीं लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली व त्यांची रवानगी ब्रह्मदेशांत मंडाले येथें झाली. तेव्हां ते बावन्न वर्षांचे होते आणि मधुमेहानें त्रस्त होते. ‘केसरी’चा अग्रलेख, सभा, पुण्याच्या वाड्यांतील माणसांची वर्दळ, हें सारें एकदम तुटलें. तेथें त्यांनीं अभ्यासाचा नेम धरला. जर्मन, फ्रेंच व पाली या भाषा अभ्यासिल्या, आणि १९१०-११ च्या हिवाळ्यांत ‘गीतारहस्या’चें लेखन शिसपेन्सिलीनें वह्यांत पुरें केलें. १९१२ सालीं पत्नीच्या निधनाची वार्ता त्यांस तेथेंच कळली. सर्वांनाच टिळकांचें मनोबल लाभत नाहीं; परंतु त्यांच्या उदाहरणांतला एक भाग सर्वांना घेण्यासारखा आहे. मुदत केव्हां संपेल याची वाट पाहणें हेंच त्यांनीं दिवसाचें काम होऊं दिलें नाहीं.

या ठिकाणीं सामान्य मनुष्याची एक अडचण असते. ‘मन लागलें तर कांहीं करीन’ असें तो म्हणतो. आणि मन लागत नाहीं म्हणून तो बसून राहतो. मानसोपचाराच्या शास्त्रानें हा क्रम उलटा करून पाहिला आहे. आधीं लहानसें, ठरलेलें काम करावें. उत्साह मागाहून येतो. उदासीनतेच्या विकारावर या तत्त्वाचा उपयोग गोव्यांत करून पाहण्यांत आला. तेथील १० प्राथमिक आरोग्यकेंद्रांत तीव्र उदासीनतेनें ग्रासलेल्या ४९५ रुग्णांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत आले. डॉक्टर नसलेल्या, परंतु शिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनीं रुग्णांशीं थोड्या भेटींत बोलून त्यांस दिवसांतलीं कामें पुन्हां हातीं घेण्यास मदत केली. तीन महिन्यांनीं अशी मदत मिळालेल्यांपैकीं ६४ टक्के रुग्ण विकारमुक्त आढळले. केवळ नेहमींची, थोडी सुधारलेली वैद्यकीय व्यवस्था मिळालेल्यांत हें प्रमाण ३९ टक्के होतें.

तेव्हां घडी मोडलेल्या दिवसाला पुन्हां आकार द्यावयाचा तो कसा? सारा दिवस आंखून काढण्याची गरज नाहीं. भिंतीवर लावलेलें तासवार वेळापत्रक आठवड्यांत कोलमडतें व मागें अपराधीपणा ठेवून जातें. दिवसाला तीन-चार भक्कम खुंट्या असल्या म्हणजे पुरे. बाकीचा वेळ त्यांवर आपोआप टांगला जातो.

पहिली खुंटी उठण्याच्या वेळेची. निजण्याची वेळ मनुष्याच्या पुरती हातीं नसते, उठण्याची असते. सुटी असो वा नसो, ती वेळ एकच ठेवावी व उठल्यावर तासाभरांत उजेडांत जावें. गच्ची, अंगण, कोपऱ्यावरचा दूधवाला, कांहींहि चालेल. दुपारची झोंप अर्ध्या तासावर जाऊं देऊं नये. आयुर्वेदाला या गोष्टीचें महत्त्व फार पूर्वीं कळलें होतें. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’च्या सूत्रस्थानांत दुसराच अध्याय दिनचर्येचा आहे आणि औषधांचे अध्याय त्याच्या मागाहून येतात.

दुसरी खुंटी माणसांची. फिरावयास एकट्यानें जाणें चांगलें. पण जेथें कोणी वाट पाहत असेल तेथें जाणें अधिक चांगलें. पाऊस पडतांना एकटा मनुष्य घरीं राहतो. कट्ट्यावर चौघे थांबले असतील तर छत्री घेऊन निघतो. वाचनालय, भजनी मंडळ, सोसायटीच्या बागेंतली बैठक, दूरच्या मुलीशीं ठरलेल्या वेळीं टेलिफोन, यांतील जें झेपेल तें धरावें. मात्र त्याचा वार व वेळ ठरलेली असावी.

तिसरी खुंटी दुसऱ्याच्या उपयोगाची. स्वतःच्या करमणुकीसाठीं घेतलेला छंद कंटाळा आला म्हणजे सुटतो. ज्यावर दुसऱ्याचें कांहीं अवलंबून आहे तें काम सहसा सुटत नाहीं. शेजारच्या मुलाला गणित शिकविणें, इमारतीचे हिशेब तपासणें, नातवाला शाळेंतून आणणें, हीं कामें लहान दिसतात. पण नोकरी जी ओळख व जो हेतु देत होती त्याचा अंश तींच परत देतात. घरांतल्या घरांत हें तत्त्व लावावयाचें तर सेवानिवृत्त गृहस्थानें स्वयंपाकघराची तपासणी न करतां त्यांतलें एक काम कायमचें अंगावर घ्यावें. भाजी आणणें व निवडणें, किंवा सायंकाळचा चहा. आणि गृहिणीचे ते दुपारचे दोन तास तिचे तिला परत द्यावे. निरोपसमारंभांतल्या भाषणांपेक्षां या वांटणीनें घरांत अधिक शांतता नांदेल.

चौथी खुंटी वाराची. सर्व दिवस सारखे झाले म्हणजे स्मरणांत एकहि राहत नाहीं. म्हणून आठवड्यांत एक दिवस निराळा ठेवावा. पूर्वीं सोमवारचे, गुरुवारचे, चतुर्थीचे उपास हें काम करीत; ज्यांचा त्यांवर विश्वास नसेल त्यांनीं रविवारचें नाटक, मित्राकडचें जेवण किंवा गांवाबाहेरची टेकडी ठरवावी.

या खुंट्या पक्क्या बसण्यास वेळ लागतो. लंडनमधील संशोधकांनीं ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० सालीं प्रसिद्ध झाला. एखादी नवी रोजची कृति आपोआप होऊं लागण्यास त्यांत मध्यम प्रमाणानें ६६ दिवस लागले. कोणास १८ पुरले, तर कोणास २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्यानें मात्र विशेष नुकसान झालें नाहीं. पंधरा दिवसांत निराश होणाऱ्यांनीं हे आंकडे ध्यानांत ठेवावे.

शोकाचा प्रसंग या सर्वांहून वेगळा धरला पाहिजे. चाळीस वर्षें दोन कप चहा करणाऱ्या हाताला एक कप करणें जड जातें, तेव्हां त्याला ‘मन कशांत तरी रमवा’ असा उपदेश लगेच करूं नये. तेथें नित्यक्रमाचें काम दुःख बुजविण्याचें नाहीं. जेवण वेळेवर होणें, अंथरूण घातलें जाणें, दार रोज एकदां उघडलें जाणें, एवढाच आधार दुःख सोसण्यास हवा असतो, आणि तो पहिले कांहीं दिवस घरच्यांनीं व शेजाऱ्यांनीं पुरवावयाचा असतो. घरांत सुतक असतां शेजारून पिठलं-भात पाठविण्याची चाल याच समजुतींतून आली आहे.

घरगुती उपायांना एक मर्यादा आहे. उदासपणा किंवा कशांतहि गोडी न वाटणें दोन आठवडे जवळजवळ रोज टिकलें, भूक व झोंप बिघडली, स्वतःविषयीं तुच्छता वाटूं लागली, तर ती केवळ रिकामपणाची खंत नव्हे. तो आजार असूं शकतो व त्याला उपचार आहेत. डॉक्टरांकडे जाण्यांत रक्तदाब दाखविण्यापेक्षां अधिक संकोच नसावा. जगणें नको असे विचार मनांत येऊं लागले, तर दोन आठवड्यांचीहि वाट पाहूं नये. त्याच दिवशीं जवळच्या माणसाला सांगावें व मदत घ्यावी. भारत सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठींतहि बोलतां येतें.

घरच्या माणसांनीं विचारावयाचा प्रश्नहि थोडा बदलला पाहिजे. सेवानिवृत्त वडिलांना, एकट्या राहिलेल्या मावशीला, नोकरी गेलेल्या भावाला ‘कसें वाटतें?’ असें विचारलें म्हणजे ‘बरें आहे’ एवढेंच उत्तर येतें आणि बोलणें तेथेंच संपतें. ‘आज सकाळपासून काय काय केलें?’ असें विचारून नीट ऐकून घ्यावें. उत्तरांत उठण्याची वेळ, एखादें माणूस व एखादें काम आलें, तर काळजीचें कारण थोडें. तिन्हींपैकीं एकहि आलें नाहीं, तर उद्यांच्या सकाळीं दहा वाजतां बरोबर बाजारांत येण्याचें निमंत्रण त्याच वेळीं द्यावें आणि दहा वाजतां दारांत हजर राहावें.